टीका : कच्ची नोंद

३ फेब्रुवारी, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस पार पडला. पार पडला, एवढंच म्हणता येईल.

छापखाना बंद झाला तेव्हा सगळे म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला कोण नाही म्हणेल? त्यानंतर वर्षभर सगळेच नाही म्हणाले. आता या शब्दकोशाच्या कार्यालयात घेतलंय, तेही ‘तीन महिने बघू’ या बोलीवर. छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. छापण्याआधी कागदावरच्या चुका शोधायच्या आणि समासात पेन्सिलीने खुणा करायच्या. उभा जन्म त्यात गेला. शब्दाचा अर्थ काय हे मला कधी कुणी विचारलं नाही, वेलांटी कोणती एवढंच विचारलं.

संपादकबाई बारीक अंगाच्या, आवाज त्याहून बारीक. त्यांनी माझ्यापुढे शब्द ठेवला, ‘टीका’. म्हणाल्या, “अर्थ लिहा, वापर लिहा, उदाहरणं द्या. उदाहरणं मनाने रचायची नाहीत, माणसांनी खरोखर लिहिलेली किंवा बोललेली हवीत. कान उघडे ठेवा.” मग कोऱ्या कार्डांचा गठ्ठा दिला. एक कार्ड, एक वाक्य.

शेजारच्या टेबलावर एक उंच, सपाट गृहस्थ बसतात. सगळे त्यांना पट्टी म्हणतात आणि ते ओ देतात. त्यांनी फेरीबद्दल सांगितलं. नोंद तयार झाली की सगळे गोल बसतात, ती मोठ्याने वाचली जाते आणि प्रत्येकाने तिच्यातली निदान एक उणीव सांगायचीच. ज्याची नोंद त्याने गप्प बसायचं. खुलासा नाही, सबब नाही.

“ती छत्री बघितलीत?” पट्टी म्हणाले. दाराजवळ खुंटीला एक काळी छत्री होती. “तुमच्या आधीच्या गृहस्थांची. फेरी चालू असताना उठून गेले ते परत छत्री न्यायलासुद्धा आले नाहीत.”

निघताना मी त्या खुंटीला वळसा घालून बाहेर पडलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

जुन्या ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारं लिखाण, ती टीका. गुण आणि दोष दोन्ही तोलून बघणं, तीही टीका. आणि नुसते दोष काढणं, हीसुद्धा टीकाच. लोक तेवढी एकच ओळखतात. वर्तमानपत्रांतून कार्डं भराभर जमली. तिथे टीकेची झोड उठते, कुणी टीकेचा धनी होतो, कुणी टीकास्त्र सोडतो. वाचताना वाटतं बाहेर लढाई जुंपली आहे.

पण दुकानात, बसच्या रांगेत, जिन्यात कान लावून उभा राहिलो तर हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. तिथे माणसं नावं ठेवतात, खोड काढतात, टोमणे मारतात, सुनावतात. सासूने माझ्यावर टीका केली असं कोणती सून म्हणते? “सासूबाई मला बोलल्या” एवढंच म्हणते, आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. म्हणजे घरगुती वापराचं एकही कार्ड माझ्याकडे नाही. फेरीत पहिला दगड इथेच पडणार.

घरी वेगळीच धांदल आहे. हिने वाचनालयाच्या हौशी नाटकमंडळीत नाव घातलंय. लग्नानंतर पहिल्यांदा. एका म्हाताऱ्या बाईचं काम मिळालंय. मी म्हटलं, पाठांतर माझ्यासमोर करत जा, माझा डोळा तयार आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज हिची तालीम घेतली. मी पानं धरून बसलो, ती खिडकीपाशी उभी राहून म्हणत होती. पानावर ‘येईलच तो’ आहे, ती ‘येईल तो’ म्हणते. थांबवलं. पुन्हा म्हणाली, पुन्हा तेच. पुढे एक वाक्य अर्धं खाल्लं, एक शब्द गिळला. थांबवलं. तिला सोपं जावं म्हणून समासात बारीक खुणा केल्या.

बऱ्याच वेळाने ती खुर्चीवर बसली आणि अगदी हळू म्हणाली, “अहो, तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. माझ्यातल्या चुकांकडे बघता.”

वाक्य इतकं नेमकं आलं की माझा हात आपोआप खिशातल्या कार्डाकडे गेला. मी म्हटलं, “थांब, परत म्हण जरा. ‘माझ्यातल्या’ म्हणालीस की ‘माझ्या’?”

ती काही वेळ त्या कार्डाकडे बघत राहिली. मग आत गेली. मला पाठ झालं होतं, लिहून घेतलं. टीका हा शब्द त्यात नाही, पण घरगुती वापर म्हणून अस्सल आहे. आजचा दिवस फुकट गेला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहा ओतताना म्हणाली, “घरातली तालीम बंद.” पानंही दिसेनात.

म्हणजे नाटक सोडलं. वाईट वाटलं. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. एवढ्या तेवढ्यावरून सोडायचं असतं का? पण मी काही बोललो नाही. तिने सोडलंच आहे तर पुन्हा खपली कशाला काढा.

१० फेब्रुवारी, सोमवार

ही हल्ली संध्याकाळी वर जाते, नर्सताईंकडे. नर्सताई आमच्या डोक्यावरच्या घरात राहतात. जन्मभर इस्पितळात काढून आता निवृत्त, एकट्याच. मी विचारलं, “रोज काय काम काढलंस वर?”

“गुडघा शेकून देतात त्या.”

गुडघ्याचं मला कधी बोलली नव्हती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मनात पाल चुकचुकते आहे.

आज ही स्वयंपाकघरातून बाहेर येताना मी दाराआडून बघितली. पाठ वाकलेली, एक पाय ओढत होती. माझी चाहूल लागताच सरळ झाली. जेवताना पाण्याचा पेला उचलला तर हात थरथरत होता. थोडा नव्हे, चांगलाच. मी बघतोय म्हटल्यावर पेला खाली ठेवला. गालाशी, कानाजवळ केस एकदम पांढरे दिसले, सकाळी नव्हते. आणि भांडी विसळताना स्वतःशी पुटपुटत असते. जवळ गेलो की गप्प.

गुडघ्याने हात थरथरत नाहीत.

माझा आवडता निळा कप, दांडीला टवका गेलेला, तोही सापडत नाही. विचारलं तर म्हणाली, “वर राहिला.” विसराळूपणाही वाढलाय म्हणायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीला फोन केला. तिच्या घरी ती सुखात आहे, उगाच तिच्या जिवाला घोर नको, म्हणून आडून आडून विचारलं, “आई तुला काही बोलली का गं?”

“कशाबद्दल?”

“तब्येतीबद्दल. मला ताकास तूर लागू देत नाही. विचारलं की अर्धंच सांगते.”

“बाबा, उरलेलं अर्धं तुम्ही दुरुस्त करता ना, म्हणून,” ती हसून म्हणाली. मग “आई मस्त आहे, काळजी करू नका,” म्हणून फोन ठेवला. तिला माहीत नसावं.

संध्याकाळी ही वर गेली, आणि थोड्या वेळाने छतातून आवाज आला. कुणी म्हातारी बाई रडत होती. शब्द कळत नव्हते, फक्त आवाज चढायचा, मध्येच तुटायचा, मग कुणाला तरी समजावल्यासारखा खाली यायचा. घोगरा, थकलेला आवाज. नर्सताईंनी कुणा आजारी बाईला घरी आणून ठेवलंय बहुतेक. माझ्या हातात कार्डं होती ती तशीच राहिली. मी मान वर करून ऐकत बसलो. कधी डोळे भरून आले ते कळलं नाही. त्या बाईला काय दुःख आहे मला ठाऊक नाही, पण कोणाला तरी हाक मारून मारून ओ आली नाही की माणूस असं रडतं.

ही खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिलाही तिथे बसून ते ऐकावं लागलं असणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धीर करून विचारलं, “वर कोण म्हातारी आहे गं?”

ही कपड्यांची घडी घालत होती. हात थांबले. “तुम्हाला ऐकू येतं?”

“शब्द नाही कळत. पण फार वाईट वाटतं ऐकताना. त्या दिवशी तर मला...”

ती माझ्याकडे बघत राहिली. अशी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. मग पुन्हा घडी घालत म्हणाली, “आहे एक. तिचा मुलगा बरीच वर्षं घर सोडून गेलाय. येईल म्हणून वाट बघते.”

“कळवलंय का त्याला कुणी?”

“कळवलंय. येणार आहे म्हणे.”

“मग रडते कशाला?”

“अहो, येणार म्हटल्यावरच तर रडू येतं. तोवर धरून ठेवलेलं असतं.”

ही असं काही बोलते हे मला माहीत नव्हतं. निजेपर्यंत आम्ही त्या म्हातारीबद्दलच बोलत होतो. तिचा नवरा कसा होता, ती दाराची कडी का लावत नाही. हिला बरंच ठाऊक आहे. स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फेरी झाली.

पट्टी म्हणाले, पहिला अर्थ फार लांबला. टंकलेखनाच्या बाई म्हणाल्या, युद्धाची उदाहरणं सात आणि शांततेचं एकही नाही. एकाने विरामचिन्हावर बोट ठेवलं, ते बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. मी तोंडाला कुलूप लावून बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावर खुणा केल्या, आपल्या कागदावर पडायला लागल्या की कशा दिसतात हे आज बघितलं. सगळा वेळ डोळे त्या छत्रीवर होते.

शेवटी संपादकबाईंनी हिचं वाक्य वाचलं. ‘तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. माझ्यातल्या चुकांकडे बघता.’ उणीव सांगणं सक्तीचं, तरी कुणीच सांगितली नाही.

“यात आपला शब्द नाही,” बाई म्हणाल्या. “नियमाने हे बाद.” मग कार्ड खाली ठेवून, “एवढ्यापुरतं उत्तर द्या. वाक्य कुणाचं आहे?”

“घरातलं,” मी म्हटलं.

“त्यांना विचारलंत का, वापरू म्हणून?”

नव्हतं विचारलं. बाई म्हणाल्या, “सोमवारपर्यंत विचारून या. मग ठरवू.” वाक्याचं ठरवू की माझं, ते काही बोलल्या नाहीत. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. ती आजारी आहे, आणि मी तिला काय विचारू? की तू रागाने बोललेलं छापू का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज तिनेच विषय काढला. मी भाजी निवडत होतो. म्हणाली, “तुम्हाला काय वाटतं, मुलगा दारात येईल तेव्हा ती म्हातारी काय करेल? रडेल?”

“रडणार नाही,” मी म्हटलं. “रडायचं ते रडून झालंय तिचं.”

“हसेल?”

“छे. मी परगावी शिकायला होतो आणि बरेच महिने घरी गेलो नव्हतो, तेव्हा आईने दार उघडून आधी माझ्या बुटांकडे बघितलं. झिजलेत किती, चिखल किती. किती चालून आलाय ते बुटांवरून कळतं ना. तोंडाकडे नंतर. तोंड खोटं बोलतं, बरा आहे म्हणतं.”

मला वाटलं हिने ऐकलंच नाही. मग बघितलं तर ती माझ्या पायांकडे टक लावून होती. नंतर उठून वर गेली, गॅसवर दूध तसंच ठेवून. ते उतू गेलं. मी ओटा पुसला आणि वरून येणारा आवाज ऐकत राहिलो. आज रडणं नव्हतं. बराच वेळ काहीच नव्हतं, मग एक हलकीशी हाक.

माझा जीव टांगणीला लागलाय. ती वाचेल ना? आता हे वाचताना मलाच कळत नाहीये की मी कोणाबद्दल लिहिलं, त्या म्हातारीबद्दल की हिच्याबद्दल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जिन्यात नर्सताई भेटल्या. म्हणाल्या, “आमच्या आवाजाचा त्रास होत नाही ना?”

मी म्हटलं, “त्रास कसला. आजी कशा आहेत?”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. “आजी?”

“वरच्या. ही सांगते मला सगळं. काही लागलं तर हक्काने सांगा. आणि ताई, खरं सांगा, हिला काय झालंय? मी घाबरणार नाही.”

नर्सताईंनी पदराने तोंड पुसलं. वाटलं त्याही रडतायत. “रविवारी संध्याकाळी माझ्याबरोबर चला,” त्या म्हणाल्या. “आजींचा मुलगा येणार आहे. तुम्ही असलेलं आजींना आवडेल. आणि तिचंही काय ते तिथेच कळेल.”

म्हणजे तपासणीचा निकाल. रविवारी कोणत्या इस्पितळात निकाल देतात?

२२ फेब्रुवारी, शनिवार

काही सुचत नाही. फळं आणून ठेवली. आजारी माणसाला भेटायला हात हलवत जाऊ नये.

२३ फेब्रुवारी, रविवार

ही दुपारीच बाहेर पडली होती. मी फळांची पिशवी घेऊन नर्सताईंच्या मागे चालत होतो. त्या वाचनालयाच्या दारात वळल्या. म्हटलं, पुस्तक बदलायचं असेल. त्या जिना चढून वर सभागृहात गेल्या, खुर्च्या मांडलेल्या होत्या, आमच्या चाळीतली माणसं बसलेली होती, आणि पुढे पडदा.

“ताई, हे कुठे आलो आपण?”

“बसा,” त्या म्हणाल्या. “पिशवी मांडीवर ठेवा, आवाज करू नका.”

पडदा सरकला. एक वाकलेली म्हातारी पाय ओढत आतून आली. केस पांढरे, हातात कप, हात थरथरत होता. कप निळा. दांडीला टवका.

आधी मला राग आला, सगळ्या चाळीला माहीत आणि मला नाही. मग हायसं वाटलं, इतकं की पिशवी घट्ट धरून बसलो. तिला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. हे वाक्य मनात किती वेळा म्हटलं देव जाणे, त्यामुळे पहिला प्रवेश मला नीट आठवतही नाही.

दुसऱ्या प्रवेशात ती खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, “येईल तो.” पानावर ‘येईलच’ आहे. सवयीने माझा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. पण ज्या बाईला पक्कं ठाऊक नाही ती ‘च’ कुठून लावणार? हात तिथेच राहिला.

मग तो छतातून ऐकलेला आवाज आला. या वेळी शब्दांसकट. खरं सांगायचं तर शब्द मी ऐकलेच नाहीत.

शेवटी दार वाजलं. मुलगा आत आला. सगळं सभागृह तिच्या चेहऱ्याकडे बघत होतं. तिने मान खाली घातली आणि त्याच्या बुटांकडे बघितलं. मी पिशवीत तोंड घालून रडलो. नर्सताईंनी पाठीवर हात ठेवला, इस्पितळात ठेवत असतील तसा.

मागच्या खोलीत गेलो तेव्हा ती केसांतली पावडर झटकत होती. मी पिशवी पुढे केली. “आजींसाठी आणली होती.”

तिने एक सफरचंद काढून घेतलं. “बसल्या बसल्या उपाशी राहिलात ना?” एवढंच म्हणाली.

घरी येताना रस्त्याला वर्दळ होती. तिची चाल अजून थोडी वाकडी होती, उतरली नव्हती. मी तिला कार्डाबद्दल सांगितलं. तिचं वाक्य फेरीत वाचलं गेलं हेही सांगितलं.

“न विचारता?”

“न विचारता.”

ती दोन पावलं पुढे गेली. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा कधी बोलायची नाही. मग म्हणाली, “राहू द्या. खरं होतं ते तेव्हा. पण तारीख घाला त्याच्यावर.”

कोपऱ्यावर दिव्याखाली थांबली आणि माझ्याकडे वळली. “आता सांगा. काय चुकलं?”

नाही चुकलं म्हणालो असतो तर ते खोटं तिला कळलं असतं. तीन वाक्यं खाल्ली होती, एकदा पदर अडकला होता, तेही दिसलं होतं. पण ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

मी म्हटलं, “त्याच्या बुटांकडे बघतेस ना, तिथे आणखी थोडी थांब. लगेच वर बघू नकोस.”

ती रागावली नाही. हसलीही नाही. माझ्या जुन्या बुटांकडे बघत विचारलं, “किती?”

मी रस्त्यातच उभा राहून तिला दाखवलं.